अंडी झेलणारी चादर

मी चादर बोलतेय. डबलबेडची, निळ्या काठाची, मधोमध एक पिवळट डाग असलेली. डागाकडे बघून नाक मुरडू नका. असा डाग कमवायला नशीब लागतं, आणि तो कसा पडला हे सांगायलाच मी तोंड उघडलंय. एरवी आम्ही चादरी गप्प असतो. माणसंच आमच्यावर पडून इतकं बोलतात की आम्हाला मध्ये शिरायला जागा मिळत नाही.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका मागावर झाला. जन्माची आठवण म्हणाल तर नुसता खडखडाट. भानावर आले ती बडोद्यात, लहरीपुऱ्याच्या एका दुकानात, फळीवर घडी होऊन. दुकानदाराची एक लकब होती. गिऱ्हाईक आलं की तो आमच्यातल्या एकीला उचलायचा, हवेत झटकायचा आणि म्हणायचा, "जुओ बेन, शुं कलर छे!" बेन म्हणायच्या, "दुसरी दाखवा." मग दुसरी. मग तिसरी. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांच्या घड्या. या झटकण्यानं माझं अंग चांगलं मोकळं झालं, ते पुढे उपयोगी पडलं.

निरुपमाबाईंनी मला घेतलं ते बाकी सगळा ढीग उलथापालथा करून. घेतलं आणि म्हणाल्या, "ही पाहुण्यांसाठी." मला वाटलं, वा, मान मिळाला. घरी नेऊन त्यांनी मला कपाटात सगळ्यात खाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

माणसांचं हे गणित मला आजही उमगलेलं नाही. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी ठेवायची आणि पाहुणे आले की म्हणायचं, "घरचेच तर आहेत, त्यांना कशाला?" पुण्याहून निरुपमाबाईंचे भाऊ सहकुटुंब आले तेव्हा मला बाहेर काढलं, हात फिरवला आणि "राहू दे, धुवायला लागेल" म्हणून परत आत ठेवलं. भावाला मिळाली ती जुनी, विरलेली. अशी काही वर्षं मी अंधारात काढली. देशात म्हणे तेवढ्यात बरंच काही खुलं झालं, घरोघरी केबल आली. माझं कपाट तेवढं बंदच राहिलं.

निरुपमाबाईंचे यजमान दीनानाथ सर. शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि आता सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर, स्वतःच्या दिवाणखान्यात बारावीच्या ट्युशन घेणारे. विद्यार्थी त्यांना सर म्हणत, शेजारी मास्तर. त्यांचे आजोबा संस्थानात शास्त्री होते, आणि ते शास्त्रीपण सरांच्या आवाजात उतरलं होतं. न्यूटनचे नियम ते असे म्हणत की ऐकणाऱ्यानं आपोआप मांडी घालावी. प्रयोगाशी मात्र त्यांचा संबंध खडू आणि फळा एवढाच. खडू हातातून पडला की ते म्हणत, "हे गुरुत्वाकर्षण," आणि प्रयोग संपला.

त्या बॅचमध्ये एक मुलगी होती, स्नेहल. तळमजल्यावरच्या उदयसिंहरावांची एकुलती एक. उदयसिंहराव एका खताच्या कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. मिशाही पणजोबांच्याच मापाच्या. स्नेहलला इंजिनियर व्हायचं होतं आणि सहामाहीला ती नेमकी फिजिक्समध्ये नापास झाली होती. उदयसिंहरावांनी निकाल दिला, "प्रिलिमला पास झालीस तर इंजिनियरिंगला जा. नाहीतर सायन्स बंद. इथंच, घराजवळ, आर्ट्स कर." हे सांगताना त्यांच्या आवाजात जरब होती, पण थोडा आनंदही होता असं स्नेहल म्हणायची. पोरगी आर्ट्सला गेली तर घरात राहणार होती.

स्नेहलचं घोडं अडलं होतं संवेग आणि आवेगावर. सर म्हणायचे, "संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आवेग म्हणजे बल गुणिले काळ. आणि आवेग म्हणजेच संवेगातला बदल. म्हणा." पोरं म्हणायची. इंग्रजी माध्यमातली मोमेंटम म्हणायची, गुजराती माध्यमातली वेगमान म्हणायची, पण म्हणायची सगळी एका सुरात. स्नेहलही म्हणायची, आणि म्हणून झालं की विचारायची, "सर, पण क्षेत्ररक्षक कॅच घेताना हात मागे का घेतो?"

"सूत्र म्हण, म्हणजे कळेल."

"सूत्र येतंय सर. कळतच नाहीये ने." हा 'ने' बडोद्याच्या मराठीतला.

सर पुन्हा सूत्र म्हणायचे. ते तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं, भिंतीवर आपटल्यासारखं परत येत होतं. हे ऐकून कपाटात मलाच कंटाळा यायचा.

मग जानेवारीत सरांनी कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकात वाचलं की लोंबत्या चादरीवर कच्चं अंडं कितीही जोरानं फेकलं तरी फुटत नाही. चादर मागे सरते, अंडं थांबायला वेळ लागतो, काळ वाढला की बल कमी. सर खुर्चीतून उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांना प्रयोग करावासा वाटला. चादर घरात होती. कपाट उघडलं, उजेड आला, आणि निरुपमाबाई म्हणाल्या, "अहो, ती पाहुण्यांची." सर म्हणाले, "पाहुणा येतोच आहे."

अडचण पाहुण्याचीच होती. सरांच्या सात पिढ्यांत घरात अंडं शिरलं नव्हतं. व्रत वगैरे काही नव्हतं, फक्त कधी संबंधच आला नव्हता. दुकानात जाऊन मागायचं तर सोसायटीत बभ्रा. आमच्या सोसायटीत बहुतेक सगळे शाकाहारी, आणि वरच्या मजल्यावरचे जशभाई सेक्रेटरी. कोण काय खातं याची त्यांना वासावरून नोंद ठेवता येत असे.

पण सरांना एवढं माहीत होतं की खालच्या घरी अंडी असतात. उदयसिंहरावांच्या घरात तलवार भिंतीवर उघडी टांगलेली आणि अंडी मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत मेथीच्या जुडीखाली लपवून आणलेली. त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई ऑम्लेट करायच्या आधी खिडक्या लावून अगरबत्ती पेटवायच्या. हे सगळं मला नंतर दोरीवर वाळताना कळलं. दोरीवरच्या कपड्यांपासून सोसायटीत काही लपत नाही.

सर जिना उतरून गेले आणि दारात चपला न काढता उभे राहिले.

"वहिनी, जरा एक काम होतं. म्हणजे, चार... ती... मिळतील का?"

"कोणती?"

सरांनी हातानं आकार दाखवला. कुसुमावतीबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, कारण मास्तरांना माहीत आहे याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मग त्यांना सरांची दया आली. त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांनी सांगितलं असणार. या वयात अशक्तपणा येतोच, आणि बिचाऱ्याला बोलायची लाज वाटतेय. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही काही सांगू नका. संध्याकाळी पाठवते."

संध्याकाळी स्टीलच्या डब्यात चार अंडी आली. सोबत कागदाची एक पुडी, तिच्यात मीठ आणि मिरपूड.

सर आणि निरुपमाबाई डब्याभोवती बसले. सरांनी पुडीचा वास घेतला. "हे कशासाठी असावं?"

"त्यांच्यात अंड्याबरोबर देत असतील," निरुपमाबाई म्हणाल्या. "आपण नारळाबरोबर सुपारी देतो तसं." आणि त्यांनी पुडी बाजूला ठेवली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही, कारण मीही शाकाहारी घरातलीच. कुसुमावतीबाईंनी आजारी माणसाला द्यायची म्हणून अंडी नीट उकडून दिली होती. सालं काढली नव्हती, म्हणजे सकाळपर्यंत टिकावीत. आणि दीनानाथ सरांना कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं बाहेरून सारखंच दिसतं की नाही, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. त्यांच्या मते अंडं म्हणजे अंडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर प्रयोग झाला. बॅचमधल्या दोन मुलींनी मला वरच्या कोपऱ्यांना धरलं, निरुपमाबाईंनी खालची कड उचलून ओटीसारखी केली. स्नेहल समोर उभी राहिली. सर म्हणाले, "फेक. घाबरू नकोस. पूर्ण जोरानं फेक."

स्नेहलनं फेकलं. खरं सांगते, मी घाबरले होते. पण अंगात जे असतं ते आपोआप होतं. अंडं आलं तशी मी मागे गेले. ते अजून आलं, मी अजून मागे गेले. त्याला अडवायचं माझ्या मनातही आलं नाही. मी नुसती त्याच्याबरोबर मागे मागे जात राहिले, आणि जाता जाता त्याचा जोर माझ्या सुरकुत्यांत जिरला. मग ते घरंगळत ओटीत आलं आणि पडून राहिलं. अख्खं.

पोरींनी आरोळी ठोकली. सर पुढे धावले. "पाहिलंस? अंडं थांबलं. शेवटी थांबणारच होतं, संवेगातला बदल ठरलेला. पण चादरीनं त्याला वेळ दिला. काळ वाढला, म्हणून बल घटलं. क्षेत्ररक्षक हात मागे घेतो तो यासाठी."

स्नेहलच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ती म्हणाली, "म्हणजे सर, चादर ताणून धरली तर फुटेल?"

"फुटणारच."

"करूया ने."

दोन मुली, निरुपमाबाई आणि सर, अशा चौघांनी चार कोपरे धरून मला ताणलं. स्नेहलनं दुसरं अंडं फेकलं. ते माझ्यावर आपटलं, टणकन उसळलं आणि निरुपमाबाईंच्या पदरात जाऊन पडलं. अख्खं. तिसरंही तसंच. चौथंही तसंच.

जमिनीवर आपटून बघायचं धाडस कुणाला नव्हतं, कारण खाली जशभाईंचं घर आणि गच्चीवर डाग म्हणजे सोसायटीची मीटिंग. स्नेहलच्या चेहऱ्यावरचा उजेड मालवला. "सर, मग वेळेनं काहीच फरक पडत नाही. ढिली धरा की ताठ धरा, अंडं फुटतच नाही."

आणि दीनानाथ सर म्हणाले, "मला माहीत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निरुपमाबाईंनीही लग्नापासून ऐकलं नव्हतं. सरांनी अंडी कागदात गुंडाळून मागच्या पपईच्या झाडाखाली पुरली, डबा घासून खाली पाठवला आणि खोलीत जाऊन बसले. खाली कुसुमावतीबाई रिकामा डबा बघून उदयसिंहरावांना म्हणाल्या, "चारच्या चार संपवली हो. किती दिवसांची भूक असेल."

प्रिलिम जवळ आली होती. स्नेहल आता सूत्रही म्हणेना. तिचं म्हणणं, जे डोळ्यांसमोर खोटं ठरलं ते पाठ कशाला करायचं? चुकीचं काही नव्हतं त्यात. पण अशानं ती नापास होणार आणि घराजवळच्या आर्ट्सला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सर जेवताना भाताचं शीत बोटानं ढकलून बघत. न्यूटन चुकणं शक्य नव्हतं. स्नेहल चुकली नव्हती. मग चुकलं कोण? बराच विचार करून त्यांनी ठरवलं की चादर चुकली.

"हिच्यातच खोट आहे," ते निरुपमाबाईंना म्हणाले. "ताणली तरी ही आतून ढिलीच राहते. हिला कडक खळ घाला."

काय वाटलं असेल मला? इतकी वर्षं कपाटात ठेवून पहिल्याच दिवशी कामाला लावलं, मी काम चोख केलं, आणि खोट माझ्यात. निरुपमाबाईंनी तांदळाची पेज करून मला बुडवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा बुडवलं. मी पत्र्यासारखी झाले. मला कुणी टेकवून ठेवलं असतं तर उभी राहिले असते.

सर पुन्हा अंडी मागायला खाली गेले. कुसुमावतीबाई माहेरी पादऱ्याला गेल्या होत्या. दार उघडलं ते उदयसिंहरावांनी. बायकोनं सांगून ठेवलं होतं की मास्तरांना लाजवू नका. त्यांनी काही न विचारता पिशवीत हात घातला, मेथीखालून चार अंडी काढली आणि सरांच्या हातात ठेवली. वर खांद्यावर थोपटून म्हणाले, "तब्येतीला जपा, मास्तर." उकडायचं त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांना गॅस कुठून पेटतो हेही ठाऊक नव्हतं.

या वेळी मला पाण्याच्या टाकीपासून अँटेनाच्या खांबापर्यंत सुतळीनं बांधलं. खालची टोकंही बांधली. सरांनी बोटानं टिचकी मारली तर आवाज आला. स्नेहल अंडं घेऊन उभी राहिली. काही होईल अशी तिला आशा नव्हती. सरांचं नाव राखायला ती आली होती, म्हणून राग आणि वैताग दोन्ही एकदम हातात आले आणि तिनं असं काही फेकलं की घोडदळातल्या पणजोबांनी मान डोलावली असती.

नेमके त्याच क्षणी माझ्या मागून, अँटेना हलवायला आलेले जशभाई मला ओलांडता येईना म्हणून खालून वाकून पुढे येत होते.

अंडं आलं. मी मागे सरायला गेले आणि सरता येईना. सगळीकडून बांधलेली, खळीनं ताठलेली. अंडं जोरात आलं आणि सगळा जोर त्याला एकदम, एका जागी सोसावा लागला. फाटकन आवाज झाला. पिवळं, पांढरं, टरफलं, सगळं माझ्या मधोमध पसरलं आणि ओघळून खाली जशभाईंच्या टकलावर आलं.

"फुटलं," स्नेहल म्हणाली. मग ओरडलीच, "सर, फुटलं."

"फुटलं," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पोरी, फुटलं गं."

दोघं एकमेकांकडे बघून असे हसत होते की घरात बारसं असावं. जशभाई माझ्याखालून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, हाताकडे बघितलं, वास घेतला.

"मास्तरसाहेब, आ शुं छे?"

सरांना त्या आनंदात आवेगाचा पुस्तकातला गुजराती शब्द आठवला. ते म्हणाले, "जशभाई, बळनो आघात."

याच सुमाराला कुसुमावतीबाई पादऱ्याहून परतून रिक्षातून उतरल्या होत्या. गच्चीवरचा गलका ऐकून त्या पिशवीसकट वर आल्या. त्यांनी चादर बघितली, जशभाईंचं डोकं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, कच्चं कशाला खायला गेलात? मी असते तर उकडून दिली असती. मागच्या वेळी दिली तशी."

"उकडून?" सर म्हणाले.

"हो. मिठामिऱ्याची पुडीपण होती ने."

दीनानाथ सर हळूच टाकीच्या कट्ट्यावर बसले. निरुपमाबाईंनी तोंडाला पदर लावला. स्नेहल हसता हसता खाली बसली आणि तशीच हसत म्हणाली, "सर, लगेच पुन्हा करूया. ही तीन कच्ची आहेत. आता ढिली बांधा."

आणि जशभाई डोकं पुसत तिथंच थांबले. त्यांचा काचेच्या बाटल्यांचा धंदा होता. मला सोडवून, खळ मोडेपर्यंत चुरगळून ढिली धरली, स्नेहलनं फेकलं, मी मागे सरले, अंडं ओटीत आलं. अख्खं, आणि या वेळी खरोखरचं कच्चं. जशभाईंनी ते हातात घेऊन कानाशी हलवून बघितलं. "ए तो अमे बाटलीनी नीचे घास मूकीए छीए," ते पुटपुटले. इतकी वर्षं ते बाटल्यांखाली गवत घालत होते आणि का ते त्यांना आज कळलं होतं. शेवटचं अंडं त्यांनी स्वतः फेकलं.

मीटिंग झालीच. पण जशभाईंनी ठराव मांडला की गच्चीवर अंडी अभ्यासक्रमापुरती चालतील. उदयसिंहराव मान खाली घालून बसले होते, इतक्या वर्षांचं गुपित उघडं पडलं म्हणून. जशभाई त्यांना म्हणाले, "रावसाहेब, अमने तो खबर ज हती. तमारे त्यां अगरबत्ती फक्त रविवारे ज बळे छे." म्हणजे त्या घरात अगरबत्ती फक्त रविवारीच जळते, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

प्रिलिमला स्नेहल पास झाली. क्षेत्ररक्षकाचा प्रश्न आला होता. तिनं उत्तरात चादरीची आकृती काढली, अगदी निळ्या काठासकट. मला कुणी दाखवलं नाही, पण सर निरुपमाबाईंना सांगत होते ते मी ऐकलं. मग बोर्डाची परीक्षा, निकाल, आणि इंजिनियरिंगला प्रवेश. फक्त मार्कांच्या हिशेबात बडोदं बसलं नाही. प्रवेश मिळाला सुरतेला.

आता उदयसिंहराव अडले. शब्द दिला होता, तो मोडता येईना. पोरीला पाठवावी तर पाठवता येईना. एका दुपारी ते पहिल्यांदाच जिना चढून आले आणि गॅलरीत सरांसमोर बसले. मी शेजारीच दोरीवर होते.

"मास्तर, पास झाली हो. चांगलं झालं. पण सुरत म्हणजे..." एवढं बोलून ते मिशीला हात लावून बसले.

सर उठून आत गेले. मग आलेखाचा कागद आणला. एक उंच, अरुंद चौकट काढली. शेजारी एक बुटकी, रुंद चौकट काढली. उंचीपाशी 'बल' लिहिलं, रुंदीपाशी 'काळ'.

"दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच, उदयसिंहराव. म्हणजे दुःख तेवढंच आहे. ते काही कमी होणार नाही. एका दिवशी सोडून आलात तर हे उंच. सोसणार नाही. हळूहळू सोडा. आधी तिथंच राहा थोडे दिवस. मग दर रविवारी जा. मग एक रविवार सोडून. मग महिन्यानं."

उदयसिंहरावांनी बुटक्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही चालेल," ते म्हणाले. आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

जाताना स्नेहलनं मला मागून घेतलं. निरुपमाबाईंनी सोडा, लिंबू, ऊन सगळं करून पाहिलं होतं, डाग गेला नव्हता, आणि अंड्याचा डाग असलेली चादर पाहुण्यांना घालणं शक्य नव्हतं. तरी देताना त्यांचा हात माझ्यावरून निघत नव्हता. शेवटी मीच पाहुणी होऊन निघाले.

तर सध्या माझा मुक्काम सुरतेला, लेडीज होस्टेलच्या खोलीत. उदयसिंहरावांनी ठरल्याप्रमाणे सगळं केलं. आधी समोरच्या लॉजवर राहिले. दिवसभर गेटसमोरच्या चहाच्या गाडीवर बसून असायचे. होस्टेलचा वॉचमन येताजाता त्यांना सलाम ठोकायचा, कारण कुणी मोठे साहेब तपासणीला आलेत अशी त्याची समजूत झाली होती. मुली स्नेहलला चिडवायच्या. ती गेटवर जाऊन म्हणायची, "बाबा, प्लीज. आता येऊ नका ने." ते खिशातून कागद काढून दाखवायचे. "अजून एवढं क्षेत्रफळ बाकी आहे, बेटा."

मग ते दर रविवारी येऊ लागले. कुसुमावतीबाईंनी दिलेला डबा घेऊन यायचे, त्यात उकडलेली अंडी आणि पुडी. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, मेथी वेगळी असायची. मग एक रविवार सोडून. स्नेहल मैत्रिणींना सांगायची, बाबा अगदी शिस्तीचे आहेत, आलेखाप्रमाणे येतात. आणि हसायची.

गेल्या रविवारी ते आले नाहीत. यायचे नव्हतेच. महिन्यानं यायची पायरी सुरू झाली होती. स्नेहलला ते माहीत होतं. सकाळी ती मैत्रिणींना म्हणाली, "बरं झालं, आज झोपता येईल." पण लवकर उठली, केस धुतले, चांगला ड्रेस घातला. काही आणायचं म्हणून गेटपर्यंत गेली आणि काही न आणता परत आली. दुपारी खिडकीशी उभी राहिली. चहाच्या गाडीवर दुसराच कुणी बसला होता.

मग ती आली आणि माझ्यावर पालथी पडली. पूर्ण जोरानं.

मला माझं काम येतं. मी मागे सरू पाहिलं. तिला वेळ द्यावा, हळूहळू जिरवून घ्यावं, एवढंच तर मला येतं. पण माझ्याखाली होस्टेलची गादी होती, गादी कसली, पापुद्रा, आणि त्याखाली फळी. मला सरायला जागाच नव्हती. पोरीला सगळं एकदम लागलं आणि ती रडली. मी नुसती ओली झाले.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. बडोद्याला जाणारं तुमच्यात कुणी असेल, तर सुभानपुऱ्यात उदयसिंहरावांच्या घरी एवढा निरोप द्या. म्हणावं, राव, तुमचा आलेख बरोबर आहे, पण तो एकट्या तुमचाच काढला. पोरीचाही काढायला हवा होता, ते मास्तरांनाही सुचलं नाही आणि तुम्हालाही. तो काढायला येत्या रविवारी या. आणि येताना एक जाड गादी घेऊन या.